फेंडर रोलर: लो केलेल्या (खाली बसवलेल्या) गाडीचा मागचा टायर घासत असेल तर हे हत्यार कितपत कामाचं?

हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, बोल्टने बसणारा फेंडर रोलर घेण्याजोगा आहे. मात्र मागचा टायर घासण्याची जी चार-पाच कारणं असतात, त्यांपैकी एकाच कारणावर तो चालतो. व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) पत्र्याची आत वळलेली कड टायरच्या बाहेरच्या खांद्याला लागत असेल, तर हे हत्यार ती कड रंग न फोडता वर दाबून देतं आणि साधारण दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी होते. टायर आतल्या बाजूला, लायनरच्या (आर्चच्या आतल्या अस्तराच्या) स्क्रूला किंवा बंपरच्या टोकाला घासत असेल, तर रोलर फिरवून काडीचाही उपयोग नाही. उलट चांगला पत्रा वाकतो आणि घासणं तसंच राहतं. म्हणून या परीक्षणात हत्याराइतकीच जागा निदानालाही दिली आहे.

आधी हत्यार काय आहे ते पाहू. चाक काढलं की हबवर एक जाड लोखंडी प्लेट बसते. तिला वेगवेगळ्या पीसीडीसाठी (बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासासाठी) लांबट भोकं असतात. प्लेटला एक दांडा जोडलेला असतो, तो लांब-आखूड करता येतो. दांड्याच्या टोकाला कोन बदलणारा सांधा आणि त्यावर नायलॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा रोलर. हँडल फिरवलं की रोलर कडेवर दाबला जातो आणि दांडा हबभोवती डावी-उजवीकडे फिरवला की रोलर आर्चच्या कडेवरून धावतो. अमेरिकेतल्या ईस्टवूड कंपनीचा रोलर या जातीतला सगळ्यांत ओळखीचा. आपल्याकडे ऑनलाइन मिळतात ते बहुतेक याच धाटणीचे बिननावाचे रोलर. पुढचं परीक्षण त्या बिननावाच्या प्रकाराचं आहे, कारण बहुतेकांच्या हातात तोच येणार.

महाराष्ट्रात लो केलेल्या गाड्यांमध्ये पोलो, होंडा सिटी आणि स्विफ्ट या नेहमी दिसतात. तिन्हींना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, म्हणजे मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) सरळ बोल्ट सैल करून बदलता येत नाही. मल्टिलिंकवाल्या (प्रत्येक चाकाला वेगळे दांडे असलेल्या) गाडीत कॅम्बर थोडा आत घेऊन सुटका होते, ती सोय इथे नाही. त्यामुळे मार्ग मोजकेच उरतात: टायर बदला, चाकाचा ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) बदला, स्प्रिंग आणि बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणारं रबर) बदला, नाहीतर पत्रा वाकवा.

आता निदान. टायर कुठे लागतो हे टायरच सांगतो. बाहेरच्या खांद्यावर गोलाकार, धारदार, सुरीने ओढल्यासारखी रेघ असेल आणि आर्चच्या कडेचा रंग एका जागी घासून पत्रा चमकत असेल, तर ती कडेची घासण. ट्रेडवर (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) तुटक ओरखडे असतील आणि लायनरला काळा पट्टा असेल, तर टायर वरती लायनरला लागतोय. टायरच्या आतल्या भिंतीवर चकचकीत पट्टा असेल, तर तो आतल्या पत्र्याला, डँपरला (शॉक ॲब्सॉर्बरला) किंवा स्प्रिंगच्या वाटीला लागतोय. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: मागचा बंपर जिथे आर्चला मिळतो तो कोपरा. तिथे प्लास्टिकची जीभ आणि स्क्रू असतो, आणि स्क्रूचं डोकं नेमकं टायरकडे तोंड करून बसलेलं असतं. मागच्या सीटवर दोन माणसं बसली की टायरवर ठरावीक अंतरावर चिरा पडतात, त्या बहुतेकदा याच स्क्रूने पाडलेल्या असतात. हा स्क्रू काढून चपट्या डोक्याचा लावला आणि जीभ चार-पाच मिलिमीटर कापली, की अर्ध्या गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. रोलर घेण्याआधी हे करून पाहा.

डोळ्यांनी खात्री होत नसेल, तर कडेच्या आतल्या बाजूला, लायनरवर आणि बंपरच्या कोपऱ्यात मास्किंग टेप लावा. मागे दोन-तीन माणसं बसवून ओळखीच्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेऊन आणा. टेप जिथे फाटेल ती जागा. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असायला हवा. गल्लीतले ब्रेकर तसे नसतात, अरुंद आणि उभे असतात, म्हणून मागचं सस्पेन्शन एकदम दबतं आणि सपाट रस्त्यावर कधी न घासणारा टायर तिथे घासतो. वळणावरच घासत असेल तर कारण वेगळं: बाहेरच्या चाकावर वजन जातं, टायर स्वतःच बाजूला झुकतो आणि बीमचे बुश (रबरी सांधे) दमलेले असतील तर अख्खा बीम थोडा सरकतो. एकाच बाजूला घासत असेल तर बुश आणि स्प्रिंगची बैठक आधी तपासा. मागे सरळ ॲक्सल आणि आडवा लॅटरल रॉड असलेल्या गाड्यांमध्ये गाडी लो केली की ॲक्सल एका बाजूला सरकतोच, कारण रॉडचा कोन बदलतो. तिथे लांबी बदलता येणारा रॉड लावून ॲक्सल मधोमध आणणं हाच खरा उपाय. पत्र्याला हात लावायचं कारणच नाही.

सगळ्यांत पक्की तपासणी स्प्रिंग काढून होते. या तिन्ही गाड्यांमध्ये मागची स्प्रिंग डँपरपासून वेगळी असते, म्हणून हे काम सोपं आहे. गाडी बॉडीच्या जॅकिंग पॉइंटखाली घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा. बीमखाली जॅक लावा, डँपरचे खालचे बोल्ट काढा, बीम हळूहळू खाली घ्या, स्प्रिंगा काढा. डँपर परत जोडा, चाकं लावा आणि जॅकने बीम वर न्या. बंप स्टॉप टेकला की थांबा आणि अंतरं मोजा. चालत्या गाडीत बंप स्टॉप आणखी पंधरा-वीस मिलिमीटर दबतो हे धरून हिशोब करा. या अवस्थेत टायर आणि कड यांच्यात बाजूने किमान पाच मिलिमीटर मोकळे हवेत. त्याहून कमी असेल तर आज ना उद्या घासणारच. सिटीसारख्या गाडीच्या डिकीत पाचशेहून जास्त लिटर सामान मावतं, आणि गणपतीला पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात उतरताना ती जागा शून्यावर येते.

मग चाकाचा हिशोब. रिमच्या मागे ईटी (मिलिमीटरमधला ऑफसेट) हा आकडा कोरलेला असतो. रिमची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, निम्मी करा, त्यातून ईटी वजा करा. उरलं ते हबपासून बाहेरचं अंतर. ६ जे (सहा इंच रुंद) ईटी ४० चं चाक ३६.२ मिलिमीटर बाहेर येतं. त्याजागी ७ जे ईटी ३५ लावलं तर ५३.९. म्हणजे चाक जवळजवळ १८ मिलिमीटर बाहेर सरकलं आणि आत फक्त आठ मिलिमीटर गेलं. बाहेरची कड का लागतेय याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. हेच चाक ईटी ४२ मध्ये मिळालं असतं तर बाहेर ४६.९ वर थांबलं असतं, पण तेव्हा आतली जागा मोजावी लागली असती. वर पाच मिलिमीटरचा स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) असेल तर ईटी पाचने कमी झाला असं धरा. मागे ‘स्टान्स’साठी, म्हणजे चाकं बाहेर दिसावीत म्हणून, स्पेसर घातलेला असेल आणि टायर घासत असेल, तर आधी स्पेसर काढा. पत्रा वाकवून स्पेसर वाचवणं हे उलटं काम आहे.

टायरमध्येही बरीच जागा दडलेली असते. २०५/५० आर १६ चा व्यास साधारण ६११ मिलिमीटर, १९५/५० आर १६ चा ६०१. म्हणजे त्रिज्येत पाच आणि रुंदीत प्रत्येक बाजूला जवळजवळ पाच मिलिमीटर मिळाले, तेही गाडीला हात न लावता. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर खांद्याच्या आकारात वेगळे असतात. चौकोनी खांद्याचा टायर लागतो तिथे गोल खांद्याचा सुटतो. फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका: ८४ म्हणजे ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची जी फॅशन आहे ती खड्ड्यांच्या रस्त्यावर जिवावरची आहे. बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) रिमवरून सुटू शकतो आणि रिमची कड उघडी पडून पहिल्याच खड्ड्यात वाकते.

एवढं सगळं करूनही कडच लागत असेल, तर रोलर हातात घ्या.

बसवताना पहिली अडचण गाडीप्रमाणे वेगळी. सिटी आणि स्विफ्ट दोन्ही ४×१०० (चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ), स्टड आणि नटवाल्या, त्यामुळे प्लेट सरळ बसते. सिटीचा आटा एम१२×१.५ (१२ मिलिमीटर व्यास, वेढ्यांत १.५ मिलिमीटर अंतर), स्विफ्टचा एम१२×१.२५. नट एकमेकांचे वापरू नका, आटे जातील. पोलो ५×१०० आणि तिला स्टड नाहीत, एम१४×१.५ चे बोल्ट आहेत. रोलरची प्लेट अलॉय चाकापेक्षा पातळ असते, म्हणून गाडीचे मूळ बोल्ट वापरले तर ते हबच्या मागे जास्त बाहेर येतात आणि ड्रमच्या आतल्या भागांना लागू शकतात. शिवाय त्या बोल्टची बैठक गोल असते आणि प्लेट सपाट, त्यामुळे बोल्ट नीट टेकत नाही. आखूड बोल्ट आणि जाड वॉशर वेगळे आणा. रोलरच्या खोक्यात हे मिळत नाही आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. पोलोवाल्यांसाठी ही मोठी उणीव आहे.

दुसरी गोष्ट दांड्याची पोच. गाडी जॅकवर उचलली की बीम लोंबतो आणि हब कडेपासून बराच खाली जातो. दांडा पूर्ण लांब करावा लागतो, आणि लांब केलेला स्वस्त दांडा लवचिक होतो. हँडल आवळलं की कड वाकण्याऐवजी दांडाच वाकतो, मग दाब कुठे किती पडतोय ते कळत नाही. उपाय साधा: गाडी घोड्यांवर राहू द्या आणि बीमखाली दुसरा जॅक लावून हब जवळजवळ चालत्या उंचीला आणा. दांडा निम्म्याहून आखूड राहिला की हत्याराचा सूर बदलतो. विकत घेण्याआधी गाडी जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि रोलरची किमान-कमाल पोच त्याच्याशी ताडून पाहा.

लायनर पूर्ण काढा. कडेच्या आत चिकटलेला चिखल ब्रशने आणि पाण्याने धुऊन वाळवा. दाबाखाली वाळूचा एक कणही रंगात खड्डा पाडतो. मग कड नीट बघा. पुढचा फेंडर बोल्टवर बसणारा एकेरी पत्रा असतो, तो सहज वळतो. मागे तसं नाही. मागचा क्वार्टर पॅनल आणि आतला व्हीलहाउसचा पत्रा कडेवर एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि मध्ये सीलर (पाणी अडवणारा लेप) भरलेला असतो. म्हणून मागे जोर जास्त लागतो, आणि गंजाचा धोकाही खरा इथेच.

गाडीचं डेंटिंग-पेंटिंग आधी झालंय का ते तपासणं फार महत्त्वाचं. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन जाड असतो. पेंट गेजने ३०० च्या वर आकडा दिसला, तर खाली लांबी (डेंट भरायची पुट्टी) भरलेली आहे असं समजा. गेज नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक कडेवरून फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे लांबी. लांबी भरलेला आर्च रोल केला की ती तडकून निघतेच, हीट गन कितीही फिरवा. अशा गाडीला रोलर लावायचा असेल तर रंगाचा खर्च आधीच धरून चाला.

आता उष्णता. सगळं काम बिघडतं ते इथे. थंड रंग ठिसूळ असतो, कड वाकली की तो बारीक रेघांनी फुटतो. हीट गन दहा-पंधरा सेंटिमीटरवरून सतत फिरती ठेवून कड आणि तिच्या वरचा दोन बोटं रुंद पट्टा गरम करा. इन्फ्रारेड थर्मामीटरवर ५५ ते ६५ अंश सेल्सिअस दिसायला हवं. थर्मामीटर नसेल तर हात क्षणभरच टेकवता येईल इतकं गरम. त्याहून बरंच वर गेलं की क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मऊ पडतो आणि रोलरचा ठसा उमटतो. पत्रा मिनिटभरातच निवतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी पुन्हा गरम करायचा. एकदाच तापवून सलग दहा फेऱ्या मारल्या तर शेवटच्या पाच फेऱ्या थंड पत्र्यावर होतात, आणि रंग तिथेच जातो. दोन माणसं असतील तर एकाने गन धरावी, दुसऱ्याने दांडा फिरवावा.

पेट्रोलच्या झाकणाच्या बाजूला जरा जास्त सावध. टाकीची भरण्याची नळी बहुतेक गाड्यांत त्याच आर्चच्या लायनरमागून जाते. हीट गन तिच्याकडे रोखू नका, काम मोकळ्या हवेत करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. त्या बाजूचा लायनर कापून जागा करायचा मोहही टाळा, नाहीतर टायरने उडवलेले खडे थेट नळीवर बसतील.

पहिल्या फेरीत रोलर कडेला जेमतेम टेकेल इतकाच आवळा आणि कोन असा ठेवा की कड वीस-तीस अंशच वर जाईल. मग आर्चच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथ फिरवा. पुढच्या प्रत्येक फेरीला दहा-पंधरा अंश वाढवा. सहा ते दहा फेऱ्यांत कड पूर्ण सपाट होते. पोळी लाटताना लाटणं एका जागी दाबत नाहीत, फिरवत राहतात, तसंच हे: एकाच जागी जोर दिला की आर्चच्या बाहेरच्या रेषेला लाट येते आणि उन्हात तिरपं बघितलं की ती कायम दिसते. आर्चचा गोल हबशी एककेंद्री नसतो, वरती अंतर कमी आणि बाजूंना जास्त असतं. म्हणून एकाच फेरीत दोन-तीनदा हँडल सैल-घट्ट करावं लागतं. हे आळसाने टाळलं तर मधला भाग जास्त दबतो आणि टोकं तशीच राहतात.

कड पूर्ण सपाट करायलाच हवी असं नाही. तीन मिलिमीटर कमी पडत असतील, तर ४५ अंशांवर थांबा. सीलर कमी तुटतो, पत्र्याची ताकद राहते. आणि कड वर दाबण्यावरच थांबा. रोलर अजून आवळत राहिलात तर अख्खा आर्च बाहेर ओढला जातो. ते वेगळं काम आहे, त्यात रंग जवळजवळ हमखास जातो.

सिलिकॉन स्प्रे मारून रोलर गुळगुळीत करण्याचा सल्ला ऐकायला मिळतो, तो ऐकू नका. सिलिकॉन पत्र्याच्या सांध्यात शिरलं की पुढे कधी रंग करायची वेळ आली तर रंगाला डोळे (बारीक खळगे) पडतात आणि पेंटर वैतागतो. रोलरवर कापडी टेपचा एक थर किंवा साबणाच्या पाण्याचा हलका हात पुरतो.

ज्या गाड्यांत मागच्या दाराची कड आर्चला भिडते, तिथे दार उघडून काम करा आणि प्रत्येक फेरीनंतर दार लावून फट बघा. पत्रा दोन मिलिमीटर सरकला तरी दार घासायला लागतं. दाराच्या स्वतःच्या कडेवर रोलर नीट पोचत नाही. तिथे रबरी हातोडी आणि लाकडी ठोकळा घेऊन हळूहळू, तेही गरम करूनच.

बिननावाच्या रोलरचा दर्जा बोलायचा तर प्लेट आणि दांडा मजबूत असतात, कमजोर असतो तो सांधा. कोन धरून ठेवणारा बोल्ट दोन फेऱ्यांत सैल होतो आणि रोलर आपोआप तिरपा होतो. त्यावर नायलॉन लॉक नट बसवा, सुरुवातीलाच. रोलरच्या परिघावर साच्याची उभी रेघ असते, ती रंगात तशीच उमटते. ४०० च्या आणि मग ८०० च्या पाणकागदाने ती घासून काढली की प्रश्न मिटतो. रोलरच्या बुशला ग्रीसचा थेंब द्या. हँडलचा आटा कोरडा येतो, तोही ग्रीस करा, नाहीतर मागच्या दुहेरी पत्र्यावर जोर देताना आटा खातो. नामवंत कंपनीच्या रोलरमध्ये हे उद्योग कमी करावे लागतात. एकाच गाडीच्या दोन आर्चसाठी बिननावाचा चालतो. गॅरेजमध्ये रोज वापरायचा असेल तर चांगलाच घ्यावा.

डेंटरकडे हातोडीने कड ठोकून घेणं हा आपल्याकडचा जुना मार्ग. कुशल डेंटरचा हात असेल तर आकार चांगला येतो, पण ठोकताना प्रत्येक घावाला रंग वेगळा तडकतो, म्हणून त्यात रंगकाम धरलेलंच असतं. आर्चमध्ये पाइप किंवा बॅट अडकवून गाडी पुढे-मागे ढकलायची युक्तीही परदेशात प्रसिद्ध आहे. तिने दाब एकसारखा पडत नाही, आर्चची रेष बिघडते. ग्राइंडरने कड कापून टाकणं मात्र कधीच नको: मागे कापलंत की दोन पत्र्यांना जोडणारे स्पॉट वेल्डच जातात, पत्रे सुटे होतात आणि सांध्यात सरळ पाणी जातं.

रोलिंगनंतरच्या कामाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तेच महाग पडतं. कड वळली की आतला सीलर फुटतो, बाहेरून रंग अखंड दिसला तरी. पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि दोनेक पावसाळ्यांत आर्चवर बुडबुडे येतात. म्हणून त्याच दिवशी कड पेट्रोलने नव्हे, वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. जिथे पत्रा उघडा पडला असेल तिथे झिंक प्रायमर लावा, वाळला की पॉलियुरेथेन सीम सीलरची सलग रेघ कडेच्या आतून ओढा आणि बोटाने चपटी करा. सीलर वाळल्यावर वर अंडरकोट. जाड थर देऊ नका. जी जागा मिळवली तीच भरून निघेल.

कडेने भागत नाही असं दिसलं तर पुढचे दोन मार्ग. एक, स्टब ॲक्सल (हब धरणारा तुकडा) आणि बीमच्या मध्ये घालायची तिरपी शिम (पातळ पाचर). एक अंशाच्या शिमने तीनशे मिलिमीटर त्रिज्येच्या टायरचा माथा साधारण पाच मिलिमीटर आत जातो. दीड अंशाच्या पुढे जाऊ नका, टायर आतून झिजतो. लांब बोल्ट लागतात, आणि एबीएस सेन्सरचं अंतर तपासावं लागतं. दोन, बंप स्टॉपखाली दहा-पंधरा मिलिमीटरचा स्पेसर. टायर कडेपर्यंत पोचण्याआधीच सस्पेन्शन थांबतं. गाडी पूर्ण भरल्यावर थोडी कडक लागेल, पण टायर वाचतो. स्प्रिंग कापून लो केलेली गाडी असेल तर यातलं काहीच टिकाऊ ठरणार नाही. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते, पण कमी झालेल्या उंचीच्या मानाने पुरेशी नाही. तिचं कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही आणि चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून हलते. आधी २५-४० मिलिमीटरच्या तयार लोअरिंग स्प्रिंगा लावा, मग घासणं मोजा. निम्म्या वेळा रोलरची गरजच उरत नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. आतली कड वाकवणं बाहेरून दिसत नाही, पण लोअरिंग आणि आर्चच्या बाहेर आलेली चाकं दिसतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवलेले नसतील तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी प्रश्न निघू शकतात.

चाकं परत लावताना एक गोष्ट पक्की बघा. सिटीच्या मूळ नटांची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूच्या आकाराची. मूळ नट तसेच लावले तर ते टेकल्यासारखे वाटतात आणि चालता चालता सैल होतात. शंकूचे नट आणि हबच्या मापाची रिंग घ्या: सिटीला ५६.१, पोलोला ५७.१, स्विफ्टला ५४.१ मिलिमीटर. नट हाताने किती वेढे बसतो ते मोजा. एम१२×१.५ ला किमान आठ वेढे, एम१२×१.२५ ला दहा, पोलोच्या एम१४×१.५ बोल्टला साडेनऊ. आवळणी टॉर्क पान्यानेच: सिटीला १०८ न्यूटन मीटर, पोलोला १२०. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर थंड चाकांवर पुन्हा तपासा. मास्किंग टेपची चाचणीही तेव्हाच, माणसं आणि सामान भरून, त्याच स्पीडब्रेकरवर पुन्हा करा. सीलर पूर्ण वाळेपर्यंत लायनर बसवायची घाई नको. बसवताना मात्र टायरसमोर येणारा प्रत्येक स्क्रू चपट्या डोक्याचाच लावा.